विषय: रि: आयसीयूत येणारे चॅप्लेन, बाबांसाठी त्यांना काय सांगायचं?

> नमस्कार मंडळी, सासरे आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटरवर. काल हॉस्पिटलचे चॅप्लेन (पेशंटला आणि घरच्यांना आध्यात्मिक आधार द्यायला हॉस्पिटलने नेमलेला माणूस) येऊन गेले, बोलले खूप प्रेमाने पण ते ख्रिश्चन आहेत आणि सासूबाईंनी धसकाच घेतलाय की आपण नसताना बाबांच्या उशाशी ते त्यांची प्रार्थना म्हणतील. गीतेचा पंधरावा अध्याय वाचाल का असं त्यांना विचारलं तर चालेल? की येऊच नका म्हणून सांगू?

ताई, येऊ नका असं अजिबात सांगू नका. मी न्यू जर्सीतच नर्स आहे, ही माणसं रोज बघते. आधी सासूबाईंना सांगा की आपला धर्म पेशंटवर लादायचा नाही हे चॅप्लेन लोकांच्या आचारसंहितेतच आहे, आणि बोर्ड सर्टिफाइड, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संस्थेचं प्रमाणपत्र असलेले, असतील तर निदान १६०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग झालेलं असतं. तरी मनात धाकधूक असेल तर "प्रार्थना नको, नुसते जवळ बसा" असं सरळ सांगा, त्यांना राग येत नाही, उलट सोपं जातं.

गीतेचं इंग्रजी भाषांतर हातात दिलंत तर काही जण वाचतील, काही जण म्हणतील माझ्या श्रद्धेत हे बसत नाही, तुम्ही वाचा, मी शेजारी बसतो. ते मनाला लावून घेऊ नका, मनात नसताना मंत्र म्हणणाऱ्यापेक्षा मला तरी असा माणूस जास्त भरवशाचा वाटतो. अहो ख्रिश्चनांतही तेच आहे, कॅथलिक पेशंटला पवित्र तेल लावायचं तर बॅप्टिस्ट चॅप्लेनला ते करता येत नाही, फादरलाच बोलवावं लागतं.

आणि तुळशीपत्र-गंगाजळाला भटजी कुठे लागतात, घरचंच कुणीतरी देतं, पण आयसीयूत ते होऊ देणं स्टाफच्या हातात असतं आणि तिथे चॅप्लेनने शब्द टाकला की फरक पडतो. नळी असताना चमच्याने पाणी घालू देणार नाहीत, पण नर्सला विचारून स्पंजच्या काडीने ओठ ओले करता येतात. बॅटरीचा दिवा चालतो, ऑक्सिजनमुळे निरांजन-उदबत्ती मात्र नाही म्हणजे नाहीच. जानवं न विचारता कापू नका, वेळ आलीच तर आंघोळ घरचे घालतील, हे सगळं आजच चॅप्लेनना सांगून चार्टमध्ये लिहून घ्या म्हणजे रात्री तीन वाजता नवीन नर्सला समजावत बसायला नको.

----

वरचं सगळं पटलं, फक्त एक. सासूबाईंना मराठीत बोलायला माणूस हवंय, ते चॅप्लेन कितीही चांगला असला तरी त्याच्याकडून कसं होणार? ब्रिटनमध्ये एनएचएसच्या काही हॉस्पिटलांत हिंदू चॅप्लेन असतात, आपल्याकडे तशी सोय होईल तेव्हा होईल, तोवर मंडळातल्या रिटायर्ड लोकांनी आळीपाळीने जायला काय हरकत आहे. मला विष्णुसहस्रनाम पाठ आहे, उद्या दुपारी मी येतो. सूनबाई, कितव्या मजल्यावर ते आणि भेटायची वेळ तेवढी कळवा.