मदत हवी आहे: ध्रुवावरची गोष्ट सुपरवायझरांपर्यंत कशी पोचवू?

कारखान्यात सुपरवायझरांसाठी टीमवर्कवर अर्ध्या तासाचं मराठी सत्र घ्यायचंय. उदाहरण दोन्ही ध्रुव पायी गाठलेल्या, आता नेतृत्वावर व्याख्यानं देणाऱ्या रॉबर्ट स्वॉन यांचं. ११ जानेवारी १९८६ ला स्वॉन धरून तिघं जण, रेडिओशिवाय सुमारे १,४०० किमी चालून, दक्षिण ध्रुवावर पोचले. त्याच सुमारास त्यांचं जहाज बर्फात चिरडून बुडालं. वाटेत त्यांचं आपसात धड पटत नव्हतं. मला तर तोच भाग सर्वांत कामाचा वाटतो.

स्वॉन यांच्या इंग्रजी भाषणाचे तुकडे दाखवून पाहिले. मंडळी टाळ्या वाजवून चहाला गेली. या वेळी प्रोजेक्टर नाही, खेळ घेण्याएवढी जागाही नाही. माणसं पंचवीसेक, त्यांचे साहेब समोरच बसणार. न पटणाऱ्या सहकाऱ्याबरोबर काम कसं निभवायचं यावर सगळे बोलते व्हावेत, पण कुणाची उणीदुणी निघू नयेत, यासाठी गोष्ट संपल्यावर पहिला प्रश्न कोणता टाकू?