हृदयरुग्णांचा रक्तदाब नेमका किती खाली आणावा?

धागाकर्ता

ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या आत आला की आपल्याकडे घरचे निश्चिंत होतात आणि त्याच गोळ्या वर्षानुवर्षे चालू राहतात. माझ्या मते एवढ्यावर समाधान मानणे चूक आहे. अमेरिकेतील 'स्प्रिंट' चाचणीत ९,३६१ जणांचे दोन गट करून एका गटाचा वरचा दाब १२० च्या खाली, तर दुसऱ्याचा १४० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य होते. २०१५ च्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात हृदयविकार, पक्षाघात अशा घटना सुमारे २५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीनेही २०२४ मध्ये, उपचार सोसत असल्यास, १२० ते १२९ हे लक्ष्य सांगितले आहे.

प्रतिसाद १

असहमत. आपण केवळ वरच्या आकड्याविषयी बोलत आहात; हृदयरुग्णाच्या बाबतीत खालचा आकडा तितकाच महत्त्वाचा आहे, कारण हृदयाच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत होतो आणि रोहिणी (हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी) आधीच अरुंद असेल तर त्या वेळचा दाब, म्हणजेच खालचा आकडा, फार उतरणे धोक्याचे ठरू शकते. हृदयरोहिणीविकाराच्या २२,००० हून अधिक रुग्णांच्या 'क्लॅरिफाय' अभ्यासात (२०१६) वरचा दाब १२० च्या किंवा खालचा ७० च्या खाली असणाऱ्यांमध्ये धोका वाढलेला आढळला. शिवाय 'स्प्रिंट'मध्ये मधुमेही घेतलेलेच नव्हते, आणि आपल्याकडे हृदयविकारासोबत मधुमेह असलेले रुग्ण किती तरी दिसतात! त्याच चाचणीत कडक नियंत्रणाच्या गटात भोवळ, रक्तदाब एकदम उतरणे आणि मूत्रपिंडाला इजा हे प्रकार अधिक झाले, हेही सांगायला हवे होते.

धागाकर्ता

दुष्परिणामांचा मुद्दा मान्य. मात्र 'क्लॅरिफाय' हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, म्हणजे त्यात गट पाडून उपचार बदलले नव्हते, केवळ नोंदी पाहिल्या होत्या. ज्यांचे हृदय आधीच दुर्बल झाले आहे किंवा ज्यांना दुसरा गंभीर आजार आहे त्यांचा दाब त्यामुळेच कमी असू शकतो, म्हणून कमी दाब हेच धोक्याचे कारण, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रतिसाद २

दोघांच्याही वादात मोजणीचा प्रश्न राहूनच गेला आहे. 'स्प्रिंट'मध्ये रुग्णाला शांत बसवून स्वयंचलित यंत्राने तीनदा दाब मोजून सरासरी काढत असत. आपल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात, जिना चढून आलेल्या माणसाचा दाब शर्टाच्या बाहीवरूनच एकदा मोजला जातो आणि त्या आकड्यावर गोळी वाढते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. तिथे सर्वसाधारण रुग्णांसाठी १४०/९० च्या आत हेच लक्ष्य ठेवून ठरलेली औषधे आणि नियमित पाठपुरावा यांवर भर दिला गेला. माझ्या दृष्टीने पहिले काम तेच आहे. बरे वाटू लागले की गोळी सोडणाऱ्या हृदयरुग्णाला १२० चे लक्ष्य सांगून उपयोग काय?

प्रतिसाद १

मोजणीबद्दल पूर्ण सहमत, आणि त्यात एक भर घालतो: वयस्क हृदयरुग्णाची गोळी वाढवण्यापूर्वी दाब बसून आणि उभे राहून, असा दोन्ही वेळा मोजावा. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर मी १३० च्या खाली जाण्याचा आग्रह धरणार नाही.

धागाकर्ता

अशा रुग्णापुरते मीही धरणार नाही. पण पन्नाशीतला, चालता-फिरता, झटक्यातून सावरलेला माणूस १३८ वर ठेवून देणे मला आजही पटत नाही.