मदत हवी आहे: फोर्कवरून आलेल्या पुल रिक्वेस्टसाठी एआय सहायकाची सुरक्षित मांडणी

नमस्कार. आम्ही गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबवरील कामे आपोआप चालवणारी सेवा) एक एआय कोडिंग सहायक जोडला असून, त्याने प्रत्येक पुल रिक्वेस्ट (कोडमधील बदल स्वीकारण्याची विनंती) वाचून अभिप्राय लिहावा आणि आमच्या शाखांवर किरकोळ दुरुस्त्यांचे कमिट स्वतःच करावेत, अशी अपेक्षा आहे. अडचण अशी की, फोर्कवरून (इतरांनी घेतलेल्या आमच्या प्रकल्पाच्या प्रतीवरून) आलेल्या रिक्वेस्टला सीक्रेट्स (गिटहबमध्ये साठवलेली गुप्त मूल्ये) मिळत नसल्याने सहायकाची एपीआय की रिकामी राहते आणि काम तिथेच थांबते. ‘पुल रिक्वेस्ट टार्गेट’ हा ट्रिगर (काम सुरू करणारी घटना) वापरल्यास की मिळते. मात्र त्यात अनोळखी कोड चेकआउट करून चालवणे म्हणजे तिजोरीच्या किल्ल्याच हवाली करणे होय, शिवाय रिक्वेस्टच्या वर्णनात सहायकासाठी छुप्या सूचना पेरलेल्या असू शकतात (ही भीती मला अधिक वाटते).

म्हणून पहिल्या वर्कफ्लोने (आपोआप चालणाऱ्या कामांच्या मालिकेने) फक्त डिफ (बदललेल्या ओळी) आर्टिफॅक्ट (जतन केलेली फाइल) म्हणून साठवावा आणि की असलेल्या दुसऱ्या वर्कफ्लोने काहीही न चालवता तो केवळ वाचावा, असा माझा विचार आहे. ही रचना कोणी प्रत्यक्ष वापरली आहे का, आणि सहायकाला शेल कमांड पूर्णपणे बंद ठेवाव्यात का?

दुसरा प्रश्न लहान आहे. वर्कफ्लोच्या अंगभूत टोकनने (गिटहबने वर्कफ्लोला दिलेल्या तात्पुरत्या परवान्याने) केलेल्या कमिटमुळे चाचण्या पुन्हा सुरू होत नाहीत. त्यासाठी गिटहब ॲपचे टोकन वापरल्यास सहायक स्वतःच्याच कमिटवर पुन्हा पुन्हा चालू नये, याची अट आपण कुठे लिहिता?