मदत हवी आहे: पात्र ओळखायच्या खेळात मनात धरलेलं नाव कुलूपबंद कसं करायचं? (उद्या रात्रीच्या आत)

पार्कचौक_सोलापूर
उद्या शनिवार, रात्री साडेनऊला खेळ आहे. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं मनात धरलेलं नाव आधी टाकून ठेवायचं आणि शेवटपर्यंत त्याला ते बदलता येऊ नये, असं काही ॲप आहे का? फुकट पाहिजे. मराठी चाललं पाहिजे. मागच्या शनिवारी ह्यावरनंच सगळं बिनसलं. लवकर सांगा.

कडक_भाकरी
कोणता खेळ? किती जण? बोलून खेळता की लिहून? काहीच सांगितलं नाहीस.

पार्कचौक_सोलापूर
वीस प्रश्नांचा की. एकानं पुस्तकातलं नाहीतर सिनेमातलं पात्र मनात धरायचं, बाकीच्यांनी हो-नाही उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सगळ्यांना माहीत असतो म्हणून लिहिलं नाही. ॲपचं सांगा.

नवीपेठ_आजोबा
ॲकिनेटर घ्या. २००७ पासून आहे, फ्रेंच लोकांनी केलेलं. मनात कुणालाही धरा, प्रश्न विचारत विचारत बरोबर गाठतं. नातू आणि मी रोज जेवणानंतर खेळतो.

पार्कचौक_सोलापूर
आजोबा, मशीनशी नाही खेळायचं, मित्रांशी खेळायचंय.

दोनाचा_घात
तुमचे प्रश्नच चुकत असणार. प्रत्येक प्रश्नानं उरलेली नावं निम्मी झाली पाहिजेत. तसं जमलं तर वीस प्रश्नांत १०,४८,५७६ नावांतून एक सापडतं. दहाव्या प्रश्नापर्यंत एकही नाव घेऊन विचारायचं नाही. बाई की पुरुष, माणूस की प्राणी, पुस्तकातून आलेलं की पडद्यावर जन्मलेलं, असं मोठ्याकडून बारक्याकडं या.

कडक_भाकरी
त्यानं हे विचारलंय का? त्याचं म्हणणं, नाव मधेच बदललं जातं.

बंगळूरचा_सोलापुरी
ॲप कशाला? नावाचा हॅश काढा, म्हणजे नावावरून गणितानं बनणारा ठसा, शा-२५६ (SHA-256) पद्धतीचा. चौसष्ट अक्षरांची ओळ येते, ती खेळाआधी ग्रुपवर टाका. शेवटी नाव सांगितल्यावर सगळ्यांनी पुन्हा काढून बघायचं, जुळलं तर बदललेलं नाही. फक्त नुसतं नाव टाकू नका, नाहीतर कुणीही एकेक नाव घालून आधीच जुळवेल. पुढं पाच-सहा आकडे जोडा आणि ते शेवटी नावाबरोबर सांगा.

कडक_भाकरी
आणि एक स्पेस जास्त पडली की अख्खी ओळ बदलते. मग त्यावर भांडण. त्यापेक्षा न खेळणाऱ्या कुणाला तरी आधी नाव कळवा, तो पंच. आम्ही वहिनीला करतो.

बंगळूरचा_सोलापुरी
दर शनिवारी रात्री पंच कुठून आणायचा? आणि पंच फुटला तर?

होटगीरोडची_सून
पण मागच्या शनिवारी झालं काय नेमकं? ते आधी सांगा.

पार्कचौक_सोलापूर
आम्ही सहा जण, शाळेपासूनचे. दोघं इथं, दोघी पुण्यात, एक हैदराबादला, एक नाशिकला. व्हॉट्सॲपवर लिहून खेळतो. पुण्यातल्या एकीवर राज्य होतं. "लहान मुलगा आहे का?" हो. "सिनेमात आलाय का?" हो. "पुण्याचा का?" नाही. वीस संपले, कुणाला आलं नाही. ती म्हणाली, फास्टर फेणे. हैदराबादवाला लई तापला. "सिनेमात बारका पोरगा कुठाय बे? आणि फाफे पुण्याचा नाही तर काय विजापूरचा? तू मधेच नाव बदललंस." ती ग्रुप सोडून गेली. आठवडा झाला, त्या दोघांचं बोलणं नाही. वर्षातनं एकदा गड्ड्याच्या जत्रेला भेटतो आम्ही, बाकी हा शनिवारच आहे.

हिप्परगा
तिचं बरोबर आहे! बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्याला शिकायला. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांत तो शाळकरी. २०१७ च्या सिनेमात मोठा झालेला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्याला आलेला. तिनं पुस्तकातला धरला, तुमचा मित्र सिनेमातला शोधत होता. ह्याला कुलूप काय करणार?

नवीपेठ_आजोबा
फुरसुंगी म्हणजे पुणेच की. हडपसरच्या शेजारी.

हिप्परगा
आजोबा, अक्कलकोटच्या माणसाला तुम्ही सोलापूरचा म्हणाल का?

नवीपेठ_आजोबा
मुंबईत विचारलं तर तो स्वतःच सोलापूरचा म्हणून सांगतो.

होटगीरोडची_सून
माझ्यासाठी फाफे म्हणजे दूरदर्शनवरचा सुमीत राघवन. म्हणजे तिसरा झाला! चिमणरावाचंही तेच होणार. कुणाला चिं. वि. जोशींच्या पुस्तकातला आठवेल, कुणाला टीव्हीवरचे दिलीप प्रभावळकर. राज्य घेणाऱ्यानं सुरुवातीलाच सांगावं, पुस्तकातला की पडद्यावरचा.

दोनाचा_घात
म्हणजे एक प्रश्न फुकट दिला. त्यापेक्षा तिसरं उत्तर ठेवा, "दोन्ही". एका डावात तीनदाच वापरायचं, नाहीतर लोक त्याच्या आड लपतात. "पुण्याचा का?" ह्याला "दोन्ही" आलं असतं तर भांडण झालंच नसतं.

कडक_भाकरी
हे पटलं. आणखी एक. लिहून खेळता तेव्हा चौघांचे प्रश्न एका दमात येतात आणि खाली एकच "हो" पडतं. कशाला हो? प्रत्येक प्रश्नाला आकडा द्या आणि त्याच मेसेजला धरून रिप्लाय करा. मागचं चॅट वर जाऊन बघ एकदा.

पार्कचौक_सोलापूर
बघितलं. सातवा ते दहावा प्रश्न एकाच मिनिटात आलेत. खाली "हो, नाही, हो". चार प्रश्न, तीन उत्तरं. "पुण्याचा का?" नववा होता. तिचं "नाही" त्यालाच होतं की आठव्याला, हे मलाच सांगता येईना.

होटगीरोडची_सून
मग तिला फोन लाव. आत्ता. इथं लिहीत बसू नको.

पार्कचौक_सोलापूर
लावला. उचलला तिनं. फुरसुंगी धरूनच "नाही" म्हणाले होते, म्हणाली. मग वहीच्या मागच्या पानाचा फोटो पाठवला. वर पेन्सिलनं "फा. फे. (पुस्तकातला)", खाली प्रश्नांच्या वीस रेघा, पाच-पाचांच्या जुड्या करून. सुरू व्हायच्या आधीच नाव लिहिलं होतं तिनं. दाखव म्हणून कुणी म्हटलंच नाही, म्हणाली. मीपण नाही म्हटलं. फोटो हैदराबादला पाठवलाय, दोन निळ्या टिका आल्यात, तो टाइप करायलाय.