मदत हवी आहे : ग्रांद बेटावर स्कुबा केलं, पाण्याखाली तडतड आवाज आला, आता डावा कान बंद. कान गेला का माझा?

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतोय, एरवी मी पाककृती वाचून गुपचूप सटकणारा माणूस. विषय जरा घाईचा आहे त्यामुळे पाल्हाळ लावत नाही (लावणार, माहितेय मला).

मी मूळचा गडहिंग्लजचा, १४ वर्षं फोंड्यात, नोकरी वेर्ण्याला. एवढ्या वर्षांत ग्रांद बेटावर गेलो नव्हतो, आमच्यासारखे लोक समुद्रावर जातात ते पाहुणे आले की. तर गेल्या रविवारी मेहुणे सहकुटुंब आले आणि 'दाजी, गोव्यात राहून स्कुबा नाही केलं म्हणजे काय' असं सुरू झालं. माणशी १८०० चं पॅकेज घेतलं, कोको बीचवरून बोट, वाटेत डॉल्फिन, बेटावर गळ टाकून मासेमारी, जेवण आणि स्कुबा. बिअरपण होती, ती आधीच वाटायला काढली होती, मी घेतली नाही, मेहुण्यांनी घेतली, तरी त्यांना कुणी पाण्यात जाऊ नका म्हटलं नाही. असो.

ट्रेनिंग म्हणजे बोटीवर पाच मिनिटं, स्पीकरवर गाणी चालू, एक मुलगा सांगतोय की तोंडाने श्वास घ्या, श्वास रोखायचा नाही, कान दुखला तर नाक दाबून फुंका, सगळं ठीक असेल तर असं करा. ते 'असं' मी बघितलं नाही कारण तेव्हा माझ्या कमरेला शिशाचा पट्टा बांधत होते आणि तो घसरत होता. पुढे सगळा घोळ इथूनच झाला.

दोर धरून खाली निघालो, मागून तो मुलगा माझ्या सिलिंडरची मान धरून. पाणी शेवाळलेल्या विहिरीसारखं हिरवं, दोन-तीन हातांपलीकडे काही नाही. दीड-दोन पुरुष खाली गेलो असेन, डाव्या कानात कुणीतरी दाभण फिरवल्यासारखं झालं. नाक दाबून फुंकलं, उजवा कान पुच्च करून सुटला, डावा ढिम्म. त्याने समोर येऊन बोटांचं कडं दाखवलं, मी म्हटलं विचारतोय ठीक आहे का, म्हणून मी झोकात अंगठा दाखवला. त्याने मला सरळ वर आणलं! परत खाली, परत कान, परत कडं, परत माझा अंगठा, परत वर. मग बोटीला धरून तो म्हणाला, 'भाऊ, अंगठा म्हणजे वर चला. ठीक असेल तर कडं करा.' मेहुणे बोटीवरून हसतायत. तिसऱ्यांदा मी ठरवलं की आता काय वाट्टेल ते होवो, आणि जोर लावून फुंकत फुंकत तळाला गेलो.

तिथे मात्र मजा आली, खोटं कशाला बोला. पिवळसर अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे अंगाभोवती, त्या मुलाने प्लास्टिकच्या बाटलीत भिजवलेली बिस्किटं आणली होती, त्यामुळे ते आमच्यापेक्षा बाटलीच्या प्रेमात. एका खडकाच्या पोटाशी एक मासा डोकं खाली करून नुसता लटकलेला, तांबूस-पांढरे पट्टे, पंख मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरलेले, आम्हाला बघून हललासुद्धा नाही. मी हात पुढे केला तर मुलाने फाडकन हातावर मारलं.

आणि मग तो आवाज. कढईत मोहरी तडतडते ना, तसा, पण एका जागेवरून नाही, सगळीकडून, जसं काही आख्खा समुद्र फोडणीला टाकलाय. खडकाजवळ जास्त. वर यायला लागलो तसा कमी, डोकं बाहेर काढलं की बंद. मास्क काढला तर नाकातून थोडं लालसर पाणी आलं.

आज गुरुवार. तडतड नाहीये पण डाव्या कानाला दडा बसलाय तो बसलाय, स्वतःचं बोलणं घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं येतं. दुखत फारसं नाही. आंबोली घाट उतरताना बसतात तसे बसले असतील, सुटतील म्हणून थांबलो होतो. बायको म्हणते डॉक्टरकडे जा, मेहुणे कोल्हापुरातून फोनवर सांगतायत कोमट तेल घाला.

तर विचारायचंय ते असं. ती तडतड म्हणजे कानाचा पडदा फाटत होता का? तो लटकलेला मासा कोणता? आणि मुलगी १२ वर्षांची आहे, तिला पोहता येतं, तिला आता रीतसर स्कुबाचा कोर्स करायचाय, डोकं खाल्लंय तिने, तर गोवा बरं की मालवण की ते मुरुडेश्वरचं? मे महिन्यात सुट्टी आहे तेवढ्यात होईल का?

सागरगोटा

तडतडीचं मी सांगतो, कानाचं डॉक्टर सांगतील. तुम्ही ऐकलात तो पिस्तूल झिंगा. बोटाएवढासुद्धा नसतो, खडकाच्या फटीत, पोवळ्यांच्या खाचेत राहतो. त्याचा एक नांगा (खेकड्याला असतो तसा) दुसऱ्यापेक्षा भलताच मोठा असतो, तो तो इतक्या झटक्यात मिटतो की पाण्याची बारीक चिळकांडी उडून तिच्यात एक बुडबुडा तयार होतो, आणि तो बुडबुडा फुटतो त्याचा हा आवाज. आधी लोकांना वाटायचं की नांग्याच्या दोन पात्या एकमेकांवर आपटतात म्हणून टक् होतं, पण २००० साली अतिवेगवान कॅमेरा लावून बघितलं तेव्हा कळलं की आवाज बुडबुड्याचा. त्या धक्क्याने समोरचं भक्ष्य गारद होतं. एक झिंगा एकदा टक् करतो, पण खडकात असे हजारो बसलेले, म्हणून मोहरी. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्यांना या किड्याने फार छळलं होतं, ऐकायचं इंजिन आणि ऐकू यायची फोडणी. आपल्या दोनापावलाच्या एनआयओवाल्यांनी (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) ग्रांद बेटाजवळ पाण्याखाली मायक्रोफोन सोडून असे आवाज टेपलेत.

खडकाजवळ वाढला आणि वर आल्यावर थांबला हे तुम्हीच लिहिलंय की. कानाचा आवाज असता तर तुमच्यासोबत बोटीत बसून फोंड्याला आला असता.

कर्णपिशाच्च

आयडीवरून कळलंच असेल, कान-नाक-घसा हाच माझा धंदा. तडतड झिंग्याची असू दे, दडा तुमचाच आहे. आधी एक गोष्ट, तेल घालू नका. ड्रॉप नको, लसूण नको, इअरबड नको. पडद्याला भोक पडलं असेल तर ते सगळं आत जाईल. उद्याच्या उद्या कानाच्या डॉक्टरला दाखवा, पाच दिवस थांबायची गोष्ट नव्हती ही. चक्कर, कानात सतत शिट्टीसारखा आवाज किंवा ऐकू कमी येत असेल तर उद्यापण नको, आजच.

झालं काय ते सांगतो. पडद्यामागे हवेची एक कोठडी आहे, तिला नाकाच्या मागे उघडणारी एक बारीक नळी. जमिनीवर आपल्यावर एक वातावरण दाब असतो, १० मीटर खाली गेलं की दोन होतो, म्हणजे कोठडीतली हवा निम्म्या जागेत मावायला बघते आणि पडदा आत ओढला जातो. लोकांना वाटतं खोल गेल्यावर कान दुखतो, उलट सगळ्यात मोठा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडतो, म्हणून ही पाच मीटरवाली पॅकेजं कानाला वाटतात तेवढी किरकोळ नसतात. नाक दाबून हलकेच फुंकलं की नळी उघडते, पण ते दुखायच्या आधी करायचं, पाण्याच्या वर असतानाच एकदा आणि मग प्रत्येक हातभर उतरल्यावर. एकदा दुखायला लागलं की नळीचं तोंड दाबाने चिकटलेलं असतं, मग कितीही फुंका. तेव्हा दोन हात वर यायचं, सुटला तर खाली, नाही सुटला तर त्या दिवसापुरतं बाय बाय. तुम्ही केलंत ते नेमकं उलटं, जोर लावलात, आणि तेही तीनदा खालीवर करून. लालसर पाणी बहुतेक सायनसमधलं. सर्दी होती का त्या दिवशी?

धागाकर्ता

सागरगोटा, जीव भांड्यात पडला. कर्णपिशाच्च साहेब, सर्दी होती, थोडीशी, सकाळी गोळी घेऊन गेलो होतो. आणि तेल... काल रात्रीच घातलं हो. चार थेंब.

कर्णपिशाच्च

मेहुण्यांचा नंबर द्या. (गंमत.) सर्दीत डाइव्ह करायची नसते, गोळी घेऊन तर नाहीच, गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर येताना हवा अडकते. उद्या जा.

बांगडाफ्राय

तो पिसाऱ्यावाला म्हणजे लायनफिश. त्या मुलाचं बाकी काहीही असो, हातावर मारलं ते पुण्य केलं. पिसाऱ्यातले पाठीवरचे काटे विषारी असतात, पळून जात नाही कारण त्याला पळायची गरजच नाही. काटा लागला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण ४० ते ४५ डिग्री, अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवायचा आणि तोवर दवाखाना गाठायचा. बर्फ लावू नका, उष्णतेने वेदना उतरते. पिवळे पट्टेवाले म्हणजे सार्जंट मेजर, फार आगाऊ जात. बिस्किटं चारू नये त्यांना, पण हे कुणाला सांगणार, व्हिडिओत मासे दिसायला हवेत ना गिऱ्हाइकाला. आणि बिअर देऊन पाण्यात सोडणाऱ्यांकडे परत जाऊ नका एवढंच म्हणेन.

मालवणी खाजा

अरे बाबा, फोंड्यात रवतंस आणि मालवणाक येवक नाय? बाकीच्यांसाठी पुस्तकी मराठीत लिहितो.

गोव्याचं पाणी गढूळ त्याला बेटाचा दोष नाही, मांडवी आणि जुवारी दोन्ही तिथेच गाळ आणून सोडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत त्यातल्या त्यात बरं दिसतं. कोर्ससाठी तसं चालतं, उलट गढूळात शिकलेला माणूस कुठेही डाइव्ह करतो. आमच्याकडे तारकर्लीला एमटीडीसीचं स्कुबाचं केंद्र आहे, स्वतःचा पोहण्याचा खोल तलाव आहे, मुलीला आधी तिथे उतरवता येतं. मुरुडेश्वरचं म्हणजे नेत्राणी बेट, तिथलं पाणी तिघांत स्वच्छ, मडगावहून कोकण रेल्वेने मुरुडेश्वर, तिथून बोटीने तास-दीड तास, पण बोट हलते, उलट्या होतात, पहिल्या धड्यासाठी मी नेणार नाही. शिकायला तलाव, बघायला नेत्राणी, असं माझं मत. ग्रांदला सुझीज रेक म्हणून बुडालेलं जहाज आहे, कोर्स झाल्यावर ते बघा, बिस्किटांशिवाय.

मे मध्ये मात्र घाई करू नका. वळवाचं काही खरं नसतं, जूनपासून बोटी बंदच, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीपण बंद. ऑक्टोबरला सुरू होतं, दिवाळीनंतर या. तोवर कानपण बरा होईल.

आणि वयाचं. १० वर्षांपासून ज्युनियर कोर्स करता येतो, १२ ते १४ च्या मुलांना सर्टिफिकेट मिळालं तरी सोबत सर्टिफाइड मोठा माणूस लागतो. म्हणजे दाजी, तुम्हालापण करावा लागणार. २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं जमतंय का ते आत्ताच बघा. आरोग्याच्या फॉर्मवर कानाचं खरं लिहा, 'काही नाही' वर टिक मारू नका. अजून एक, डाइव्ह केल्यावर १८ तास विमान नको, कोर्सच्या शेवटच्या दिवशी मोप्याचं संध्याकाळचं तिकीट काढणारे महाभाग आम्ही दर आठवड्याला बघतो.

धागाकर्ता (अपडेट)

सगळ्यांचे आभार. शुक्रवारी दाखवून आलो. पडदा लाल झालाय, मागे पाणी साठलंय, भोक नाही. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बायकोलापण दाखवला, ती म्हणाली तेल दिसतंय. नाकात मारायचा स्प्रे आणि गोळ्या दिल्यात, नाक जोरात शिंकरायचं नाही, सहा आठवडे डोकं पाण्याखाली घालायचं नाही, मग परत तपासणी. कोर्स दिवाळीनंतर, मालवणला, आम्ही दोघांनी, हे ठरलं. फोंड्यात मुलगी तलावावर जाते तिथे मीही नाव घातलंय, पण सध्या काठावर बसून हातांच्या खुणांचा सराव चालू आहे, अंगठा खिशात ठेवून.

झिंग्याचं मात्र राहवत नव्हतं. काल रविवारी ओहोटीला बोगमाळोला गेलो, टोकाच्या खडकांपाशी पाणी कमरेएवढं, शांत होतं. मला मनाई म्हणून मुलीला चष्मा लावून पाठवलं, म्हटलं खडकाशी डोकं बुडव, दहा आकडे मोज आणि ये. ती बुडाली, मी किनाऱ्यावरून मोजतोय, दहा झाले, बारा झाले, पंधरा झाले, मी बूट काढायला लागलो, तेवढ्यात वर आली. काही बोलली नाही. हाताने गप्प राहायची खूण केली, मोठा श्वास घेतला आणि परत डोकं आत घातलं.