शब्दचर्चा : अनुमान, कयास, अटकळ आणि चीनची नवी लढाऊ विमाने

प्रश्न : चीनच्या नव्या स्टेल्थ (रडारला सहज न दिसणाऱ्या) लढाऊ विमानांवरील मराठी मजकुरात अनुमान, कयास, अदमास, अटकळ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. त्यांच्या अर्थांत फरक करता येतो का, की सगळे समानार्थीच मानावेत?

उत्तर : फरक करता येतो, आणि या विषयात तो केलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. चीन आपल्या लष्करी विमानांविषयी फार थोडे सांगतो. त्यामुळे वाचकाच्या हाती येते ते बहुतेक सगळे कोणीतरी छायाचित्रे निरखून काढलेले असते, आणि ते किती भक्कम आधारावर काढले आहे हे लेखकाने निवडलेल्या शब्दावरूनच कळणार असते.

२६ डिसेंबर २०२४ चे उदाहरण घेऊ. त्या दिवशी चेंगदू शहरावर भरदिवसा उडणारे, शेपटीचे उभे पंख नसलेले एक मोठे विमान अनेकांनी टिपले. त्याच्या सोबतीला चीनच्याच जे-२० या आधीच्या स्टेल्थ लढाऊ विमानाचे दोन आसनी रूप, जे-२०एस, उडत होते. त्याच दिवशी शेनयांगच्या कारखान्याचे मानले जाणारे दुसरे बिनशेपटीचे विमानही दिसले, पण आपल्या शब्दांसाठी पहिले पुरेसे आहे.

या चित्रांत चेंगदूच्या विमानाच्या मागील बाजूस इंजिनाचे तप्त वायू बाहेर सोडणारे तीन निकास दिसतात, म्हणून त्याला तीन इंजिने असावीत. त्याच्या मुख्य चाकांच्या प्रत्येक संचात एकामागे एक अशी दोन चाके आहेत, म्हणून ते वजनदार असावे. हे अनुमान होय. न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखतात, तशी येथे डोळ्यांना दिसणारी खूण आहे आणि खूण व निष्कर्ष यांना जोडणारा नियमही आहे. जे-२० ची लांबी साधारण २१ मीटर आहे हे धरून, त्याच्या शेजारी उडणाऱ्या विमानाची लांबी चित्रावरून मोजणे हा मात्र अदमास. अदमास नेहमी परिमाणाचा असतो, धान्याच्या राशीचा असो की पंखांच्या विस्ताराचा. ‘चीनच्या हेतूचा अदमास’ असे लिहिले की ते कानाला खटकते, ते याचमुळे.

कयास हा मूळचा अरबी शब्द. एका गोष्टीचे माप दुसरीला लावून पाहणे हा त्याचा मूळ भाव, आणि ‘जे-३६’ या नावाइतके त्याचे चांगले उदाहरण मला दुसरे सापडत नाही. जानेवारी २०११ मध्ये जे-२० प्रथम उडाले तेव्हा त्या नमुना विमानावर २००१ हा क्रमांक होता आणि त्यातले पहिले दोन अंक विमानाच्या नावातले निघाले. नव्या विमानावर ३६०११ हा क्रमांक दिसताच, त्याच रिवाजाने हे ‘जे-३६’ असणार, असा निरीक्षकांनी कयास बांधला. हे नाव चीन सरकारने जाहीर केलेले नाही. म्हणून ‘चीनचे जे-३६ विमान’ असे थेट लिहिण्याऐवजी ‘जे-३६ या नावाने ओळखले जाणारे’ असे लिहिणे हा काटेकोरपणाचा भाग आहे. चार शब्द वाढतात, ते वाढू द्यावेत.

अटकळीला एवढाही आधार लागत नाही. तीन इंजिने कशासाठी, हे विमान किती दूर जाईल, ताफ्यात केव्हा येईल, यांविषयी जे लिहिले जाते ती अटकळ आहे. अटकळ बांधण्यात गैर काहीच नाही, मात्र तिला ‘अनुमान’ म्हटले की नसलेले वजन येते. त्याच्याही खाली वदंता आणि अफवा. ‘अफवा’ हा अरबी ‘अफवाह’ म्हणजे ‘तोंडे’ यावरून आला, आणि तेथे खुणेचा प्रश्नच उरत नाही. बोलताना आपण हा सारा भेद एका ‘म्हणे’ने साधतो : ‘त्याला म्हणे तीन इंजिने आहेत.’ लेखी मराठीने हा शब्द हलका मानून टाकून दिला आणि त्याच्या जागी ‘असे समजते’ आणले. त्यात कोणाकडून समजले याची जबाबदारी कोणीच घेत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुरवणी प्रश्न : ‘स्टेल्थ’ला ‘अदृश्य’ म्हणावे की ‘रडारला चकवणारे’?

उत्तर : ‘अदृश्य’ तर नकोच. चेंगदूचे विमान रस्त्यावरच्या माणसांनी नुसत्या डोळ्यांनी पाहिले. अमेरिकेचे एफ-११७ हे स्टेल्थ विमानही २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले गेले होते. विमानाचा आकार रडारच्या लहरी भलतीकडे वळवतो, पृष्ठभागाचा लेप काही लहरी शोषतो आणि परत जाणारा प्रतिध्वनी क्षीण होतो, एवढाच स्टेल्थचा अर्थ आहे. शेपटीचे उभे पंख काढण्यामागेही लहरी परतवणारे पृष्ठभाग कमी करणे हे एक कारण असते. चिनी भाषेतला ‘यिन्शेन’ हा शब्द ‘देह लपवणे’ असे सांगतो, आणि तो वस्तुस्थितीच्या पुष्कळच जवळ आहे.

‘चकवणे’ मला येथे पटत नाही. रानात वाटसरूला भलत्या वाटेने फिरवणाऱ्या चकव्याप्रमाणे या क्रियापदात दिशाभूल आहे. रडारला खोटी लक्ष्ये दाखवणारी यंत्रणा त्याला चकवते. स्टेल्थ विमान खोटे काही दाखवत नाही, ते फक्त नजरेतून निसटू पाहते. त्यासाठी ‘नजर चुकवणे’ हा प्रयोग मराठीत रुळलेला आहेच. म्हणून मथळ्यात ‘स्टेल्थ’ हा रूढ शब्द ठेवावा आणि मजकुरात एकदा ‘रडारची नजर चुकवणारे’ असे लिहावे.