उरलेली क्लिंडामायसिनची ट्यूब लेकीला लावावी का? : कुटुंबाच्या ग्रुपवरील चर्चा

वहिनी : आत्या, हा प्रश्न तुम्हाला एकट्याला न विचारता ग्रुपवरच विचारते आहे, कारण उत्तर घरातल्या इतर मुलांनाही उपयोगी पडेल. लेकीच्या कपाळावर आणि गालांवर तीन महिन्यांपासून मुरूम येत आहेत. त्यांतले काही नुसते काळे-पांढरे ठिपके आहेत, तर काही लाल, दुखरे आणि पू धरलेले आहेत. भाऊजींनी मागे वापरलेल्या क्लिंडामायसिन एक टक्का जेलची ट्यूब अर्धी शिल्लक आहे आणि तिची मुदतही संपलेली नाही. ती रोज रात्री लावायला दिली तर चालेल का?

आत्या : तू लावण्याआधी विचारलेस, हे फार बरे केलेस. ती ट्यूब तिला देऊ नकोस. रुग्णालयाच्या औषधविभागात इतकी वर्षे काढल्यावर मी हे खात्रीने सांगते, की क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, औषध म्हणून वाईट नाही, मुरमांवर ते अनेक दशके वापरले जात आहे. परंतु ते एकट्याने लावायचे औषध नाही आणि कधी थांबवायचे हे न ठरवता सुरू करायचे औषध तर मुळीच नाही. तू ज्या पद्धतीने ते द्यायचे म्हणते आहेस, त्यात या दोन्ही गोष्टी राहून जातात.

आधी मुरूम कसा होतो ते पाहा. केसाच्या मुळाशी असलेली तैलग्रंथी वयात येताना जास्त तेल स्रवू लागते, मृत पेशी नीट झडून न जाता त्या छिद्राच्या तोंडाशी साचतात, आणि बंद झालेल्या त्या जागेत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा, एरवी आपल्या सर्वांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू वाढून दाह निर्माण होतो. प्रतिजैविक यातल्या फक्त शेवटच्या भागावर, म्हणजे जिवाणू आणि दाह यांच्यावर काम करते. तोंड बंद झालेले छिद्र ते उघडत नाही. त्यामुळे लेकीच्या चेहऱ्यावर जे काळे-पांढरे ठिपके आहेत, त्यांना ही ट्यूब जवळपास हातही लावणार नाही, आणि पुढचे लाल मुरूम तर त्याच ठिपक्यांतून तयार होतात.

काका : ताई, एक शंका आहे. गोळ्या घेतल्या तर जिवाणूंना प्रतिजैविकाची सवय होते, हे मी वाचले आहे. पण जेल तर चेहऱ्याच्या चार बोटे जागेवर लावायचे असते. एवढ्याशा औषधाने असे काय बिघडणार?

आत्या : अगदी योग्य शंका आहे, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. त्वचेवर औषधाचे प्रमाण भरपूर असते आणि ते रोज, आठवडेच्या आठवडे, त्याच जिवाणूंवर पडत राहते. जे जिवाणू मरतात ते मरतात. जे तग धरतात त्यांचीच पुढची पिढी वाढते. एरिथ्रोमायसिन हे दुसरे प्रतिजैविक आणि क्लिंडामायसिन चेहऱ्याला लावणाऱ्या रुग्णांमध्ये मुरमांचा हा जिवाणू या औषधांना दाद देत नाही, असे १९७९ सालीच नोंदवले गेले होते. शिवाय ही दोन्ही औषधे जिवाणूच्या जवळपास एकाच जागी मारा करतात, म्हणून एकाला प्रतिकार निर्माण झाला की पुष्कळदा दुसरेही निकामी ठरते. त्वचेवर मुरमांचा जिवाणू एकटाच राहत नाही. तिथे स्टॅफिलोकॉकस कुळातले जिवाणूही असतात, त्यांच्यातही हाच प्रतिकार तयार होतो, आणि उद्या खऱ्या जखमेत किंवा गळवात संसर्ग झाला तर त्या वेळी हाती असलेले एक औषध कमी झालेले असते. हे जिवाणू स्पर्शाने घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही जातात.

चुलतभाऊ : वहिनी, ती ट्यूब माझी आहे, म्हणून माझा अनुभव स्पष्टपणे सांगतो. मला ती डॉक्टरांनी दोन महिन्यांसाठी, दुसऱ्या एका जेलसोबत लिहून दिली होती. ते दुसरे जेल चेहऱ्याला झोंबत होते आणि त्याने माझ्या उशीच्या अभ्र्यावर पांढरे डाग पडले, म्हणून मी ते माझ्या मनाने बंद केले आणि क्लिंडामायसिन मात्र आठ महिने चालू ठेवले. पहिल्या दीड-दोन महिन्यांत चेहरा खरोखर स्वच्छ झाला. नंतर थांबवले की मुरूम परत येत, म्हणून मी पुन्हा लावत राहिलो, आणि शेवटी शेवटी लावूनही काही फरक पडेनासा झाला.

आत्या : तू हे मोकळेपणाने सांगितलेस, याचे मला मनापासून बरे वाटले. जे दुसरे जेल तू सोडलेस तेच त्या उपचारातले महत्त्वाचे औषध होते. अभ्र्याचा रंग उडाला म्हणजे ते बेन्झॉइल पेरॉक्साइड असणार. ते छिद्राच्या आत ऑक्सिडीकरण करून जिवाणू मारते, आणि त्याला प्रतिकार करणारे जिवाणू तयार झाल्याचे आजवर आढळलेले नाही. प्रतिजैविकासोबत ते असले की प्रतिजैविकाला तग धरून राहणारे जिवाणूही त्याच्या तडाख्यातून सुटत नाहीत. म्हणूनच अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या सूचनांत, मुरमांवर वरून लावायचे प्रतिजैविक एकटे वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. नाइसने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, की लावायचे प्रतिजैविक आणि पोटात घ्यायचे प्रतिजैविक अशीही जोडी लावू नये. ती जोडी म्हणजे संरक्षण नव्हे. त्याने जिवाणूंवरचा तोच दबाव दोन्ही बाजूंनी वाढतो.

झोंबण्याबद्दल सांगते. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच, पाच आणि दहा टक्के अशा तीव्रतेत मिळते. दाहयुक्त मुरमांवर अडीच टक्क्यांचा परिणाम दहा टक्क्यांच्या तोडीचा असतो आणि त्वचा कोरडी पडण्याचे, सोलण्याचे प्रमाण मात्र कमी असते. तेव्हा झोंबले म्हणून सोडून देण्याऐवजी डॉक्टरांना विचारून कमी तीव्रतेचे घेणे, एक दिवसाआड लावणे किंवा थोडा वेळ ठेवून धुऊन टाकणे, असे मार्ग आहेत. अभ्रे आणि टॉवेल पांढरे वापरावेत, कारण रंग उडतो तो कायमचाच. केसांनाही ते लागू देऊ नये.

काकू : वन्सं, माझ्याकडे त्वचेच्या संसर्गावरचे एक मलम आहे, तेही प्रतिजैविकच आहे ना? ते लावल्यावर माझ्या हनुवटीवरचा लालपणा दोन दिवसांत गेला होता, म्हणून विचारते.

आत्या : तुमच्या मलमाच्या ट्यूबचा फोटो लगेच पाठवा आणि तोवर ती कोणालाही देऊ नका. म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड ही प्रतिजैविके त्वचेच्या वेगळ्या संसर्गांसाठी असतात, मुरमांसाठी नव्हेत. त्याहून मोठी भीती अशी, की कित्येक मलमांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड मिसळलेले असते. लालपणा दोन दिवसांत नाहीसा होतो तो बहुधा त्या स्टेरॉइडमुळे, आणि पाहणाऱ्याला वाटते की औषध लागू पडले. आठवडे-महिने लावत राहिले की चेहऱ्याची त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम येतात, आणि बंद केले की चेहरा पूर्वीपेक्षा जास्त भडकतो. असे मलम चेहऱ्याला बराच काळ लावले असेल, तर ते थांबवतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे लागते. चेहऱ्यासाठी घेतलेल्या कोणत्याही ट्यूबवरची घटकांची यादी पूर्ण वाचल्याशिवाय ती उघडू नये, असा माझा अगदी आग्रहच आहे.

काकू : फोटो पाठवला आहे. शेवटी बीटामेथासोन असे लिहिले आहे.

आत्या : तेच स्टेरॉइड. दोनच दिवस लावले होते म्हणून चिंतेचे कारण नाही, पण ते मलम चेहऱ्याला पुन्हा लावू नका.

पुतणी : आजी, मी पण इथे आहे, जिच्या मुरमांबद्दल बोलणे चालले आहे तीच. डॉक्टरांनी उद्या खरेच असे जेल दिले, तर ते फक्त मुरमावर लावायचे की सगळ्या चेहऱ्याला? आणि सनस्क्रीन आधी लावायचे की नंतर?

आत्या : बाळा, तुझा प्रश्न सगळ्यांत कामाचा आहे. फक्त दिसणाऱ्या मुरमावर ठिपका देऊन उपयोग होत नाही, कारण पुढच्या आठवड्यात येणारा मुरूम शेजारच्या, वरून साध्या दिसणाऱ्या छिद्रात आजच तयार होत असतो. म्हणून जिथे जिथे मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर लावायचा. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढे जेल पुरते. जास्त लावल्याने मुरूम लवकर जात नाहीत, त्वचा मात्र सोलते. आधी सौम्य फेसवॉशने चेहरा धुऊन, न घासता टिपून, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा आणि मग लावायचे. डोळे, ओठ, नाकपुड्या आणि कापलेली जागा टाळायची, नंतर हात धुवायचे. सकाळी औषध असेल तर ते सुकल्यावर सनस्क्रीन लावायचे, आणि ते छिद्रे न बुजवणारे असावे. तेलकट क्रीम, घासायचे स्क्रब आणि स्पिरिटयुक्त टोनर या काळात बंद. मुरूम फोडायचा तर नाहीच.

पहिल्यांदा लावताना तीन दिवस अगदी छोट्या जागेवर लावून पाहायचे. बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेल्या मुरमांच्या औषधांनी क्वचित तीव्र ॲलर्जी होते, म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली हीच सूचना दिली होती. थोडी आग होणे, त्वचा कोरडी पडणे हे चालते. परंतु डोळे, ओठ किंवा चेहरा सुजला, घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चक्कर आली, तर आईला हाक मारून ताबडतोब रुग्णालयात जायचे.

दादा : आत्या, ट्यूबसोबतच्या कागदावर जुलाबाचा इशारा लिहिलेला आहे. चेहऱ्याला लावायच्या औषधाचा पोटाशी काय संबंध, हे मला कळले नाही.

आत्या : त्वचेतून फार थोडे औषध रक्तात जाते, पण अजिबात जात नाही असे नाही. क्लिंडामायसिनमुळे आतड्यातल्या जिवाणूंचा समतोल बिघडून मोठ्या आतड्याला तीव्र सूज येऊ शकते. गोळ्यांनी हे जास्त घडते, जेलने फारच क्वचित. म्हणून ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्ससारखा आतड्याचा आजार आहे, किंवा पूर्वी प्रतिजैविकाने असा त्रास झाला आहे, त्यांनी ते जेल लावू नये. पातळ जुलाब थांबत नसतील, पोटात जोराची कळ येत असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर जेल बंद करून डॉक्टरांकडे जावे. जुलाब थांबवणारी गोळी अशा वेळी मनाने घेऊ नये.

चुलतभाऊ : किती दिवस लावायचे असते, हेच मला तेव्हा नीट कळले नव्हते. आणि हल्ली माझ्या कपाळावर सारख्या आकाराच्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या येतात, त्याही मुरूमच का?

आत्या : फरक दिसायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे दहा दिवसांत औषध बदलू नये. साधारणतः प्रतिजैविक १२ आठवड्यांपर्यंतच ठेवतात. चेहरा सुधारला की ते थांबवून, छिद्रे मोकळी ठेवणारे ॲडापेलीनसारखे रेटिनॉइड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड पुढे चालू ठेवतात. तू थांबवल्यावर मुरूम परत येत होते ते याचमुळे, पुढे चालवायचे औषध तुझ्याजवळ नव्हतेच. मात्र रेटिनॉइड गर्भारपणात वापरायचे नसते, हे घरातल्या बायकांनी ध्यानात ठेवावे. तुझ्या खाजणाऱ्या पुटकुळ्या बुरशीमुळे असू शकतात. प्रतिजैविक दीर्घकाळ वापरल्यावर तसे होते, आणि मुरूम समजून पुन्हा प्रतिजैविक लावले तर त्या वाढतात. त्या दाखवून घे, अंदाजाने काही लावू नकोस.

वहिनी : आत्या, त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. भाऊजींची ट्यूब लेकीला मुळीच देणार नाही. सोबत काय न्यावे?

आत्या : आजच खिडकीजवळ, एकाच उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहऱ्याचे फोटो काढून ठेव, म्हणजे आठ आठवड्यांनी आठवणीवर अवलंबून राहावे लागणार नाही. आतापर्यंत चेहऱ्याला जे जे लावले त्याची यादी ने. तिची पाळी अनियमित असेल तर तेही सांग, कारण कधी कधी मूळ तिथे असते. खोल, गाठीसारखे मुरूम दिसू लागले किंवा खड्डे पडू लागले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नकोस. तिथे वरून लावायचे औषध पुरे पडत नाही आणि पडलेला व्रण नंतर पूर्ण भरत नाही.

पुतणी : आजी, डॉक्टरांनी फक्त क्लिंडामायसिन लिहून दिले तर मी काय करू? त्यांना असे विचारलेले चालते का?

आत्या : चालते, आणि नम्रपणे नक्की विचार. "यासोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड लावायचे का," हा पहिला प्रश्न. कदाचित त्यांच्याकडे न देण्याचे योग्य कारण असेल, तर ते तुला सांगतील. दुसरा प्रश्न, "हे कोणत्या तारखेला बंद करायचे?" ती तारीख तिथेच ट्यूबच्या खोक्यावर लिहून घे. दोन औषधे मिसळलेले जेल मिळाले, तर उघडल्यापासून किती दिवस टिकते आणि कुठे ठेवायचे, हे औषध देणाऱ्याला विचार.

वहिनी : दोन्ही प्रश्न तिने आत्ताच स्वतःच्या हाताने कागदावर लिहून घेतले आहेत. फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढू.